खोटं-खोटं जेवण, खरी-खरी मजा!

महागडं टॉय कोपऱ्यात पडलंय आणि पोरगं त्याच्या रिकाम्या खोक्यात बसलंय! तुमच्याही घरात हा सीन झालाय ना? मग टेन्शन नको. पोराचा चॉइस एकदम करेक्ट आहे. घरातल्या 'भंगारा'तून भातुकली, दुकान, दवाखाना आणि चक्क गणपतीचा कारखाना उभा करायचा हा झीरो बजेट फंडा, खास बिझी आई-बाबांसाठी...

आठवडाभर घरी पोचेपर्यंत पिल्लू झोपलेलं असतं. मग शुक्रवारी रात्री मोबाइलवर टाइमपास करता करता बोट हळूच 'ऑर्डर'च्या बटणावर जातं. किचन सेट, डॉक्टर सेट, टूल सेट. दिवे लागणारे, गाणी म्हणणारे, बॅटरीवर चालणारे. रविवारी डिलिव्हरी, सोमवारी त्यातले निम्मे चमचे सोफ्याखाली आणि बुधवारी 'आई, नवीन काहीतरी आण ना!' कुणी विचारलं तर आपण म्हणतो, लाड करतोय. पण आतून आपल्याला माहीत असतं, की न दिलेल्या वेळेचा हा हप्ता आहे. दर महिन्याला भरायचा आणि कधीच न फिटणारा!

गंमत अशी, की खोटं-खोटं खेळायला मुलांना फार थोडं लागतं. एक खोका, चार झाकणं, जुनी ओढणी आणि अर्धा तास तुम्ही. यातली शेवटची गोष्ट तेवढी ऑनलाइन मिळत नाही.

खोक्याला 'हॉल ऑफ फेम'!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या 'द स्ट्रॉंग' म्युझियममध्ये खेळण्यांचा 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम' आहे. बार्बी, लेगो अशा दिग्गजांना तिथे मान मिळालाय. २००५ मध्ये त्यांच्या शेजारी कोण जाऊन बसलं, माहितीये? पुठ्ठ्याचा साधा खोका! २००८ मध्ये झाडाची काठी आणि २०११ मध्ये अंगावर घ्यायची चादरसुद्धा. म्हणजे आपल्याकडे टेबलावर चादर टाकून 'घर-घर' खेळणारी पोरं किती पुढची होती बघा!

यामागे विचारही पक्का आहे. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ मधल्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. मूल काठीवर टांग टाकून 'घोडा' म्हणतं, तेव्हा डोळ्यांना काठी दिसत असते आणि डोक्यात घोडा असतो. वस्तू एक, अर्थ दुसरा. हे दोन वेगळे करता येणं ही विचार करण्याची मोठी पायरी आहे. बॅटरीवाला खेळण्यातला फोन हा फक्त फोनच राहतो. लाकडाचा ठोकळा मात्र सकाळी फोन, दुपारी साबण आणि संध्याकाळी लोकल!

अर्थात वयाचा थोडा विचार हवा. दीड-दोन वर्षांच्या बाळाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते. खरा चमचा, खरी वाटी, खरं झाकण. तीन वर्षांच्या पुढे गाडी सुसाट सुटते आणि मग कशाचंही काहीही होतं.

आणि खेळणी किती हवीत? अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चारच खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्यांचा वापरही जास्त तऱ्हांनी केला. सोळा असताना नुसती या खेळण्यावरून त्या खेळण्यावर उडी! आपल्या घरातल्या टॉय बास्केटमध्ये किती आहेत, ते मोजूच नका.

आपली ओरिजिनल भातुकली

'प्रिटेंड प्ले' हा शब्द आपण पेरेंटिंगच्या व्हिडिओंतून शिकलो. पण मराठीत याला केव्हापासून झकास शब्द आहेत. लुटुपुटूचा खेळ. खोटं-खोटं. आणि सगळ्यात लाडका शब्द, भातुकली.

आजीला विचारा. चूल, तपेली, परात, पोळपाट-लाटणं, जातं, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ... अख्खं स्वयंपाकघर बोटभर उंचीचं! चुरमुरे, गूळ, दाणे हा भातुकलीतला हमखास मेन्यू. बाहुला-बाहुलीचं लग्न तर मोठाच इव्हेंट. वऱ्हाडी, मानपान, रुसवे-फुगवे आणि पंगत, सगळं साग्रसंगीत. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशा भातुकलीचा मोठा संग्रह केलाय आणि त्यांची प्रदर्शनं गाजलीत. तिथे गेलेली मोठी माणसंच जास्त वेळ रेंगाळतात, असं का होत असेल? त्या तांब्या-पितळेच्या इवल्याशा भांड्यांत त्यांचं सगळं लहानपण भरलेलं असतं.

पण पितळी सेट होता तो काही घरांत. बाकीच्या घरांत करवंटीची कढई व्हायची, वडाच्या पानाचं ताट आणि विटेच्या चुऱ्याचं लाल तिखट. त्या भातुकलीला पैसे पडत नव्हते, आणि खेळ काही कमी रंगायचा नाही.

कोसबाडची टेकडी आणि पुण्याची काडेपेटी

'घरच्या वस्तूंतून खेळणी' हा आयडिया आपल्या महाराष्ट्रात शिक्षणाच्या कामातसुद्धा मुरलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ. पोरं आदिवासी पाड्यांवरची. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणार कुठून? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आजूबाजूच्या वस्तूच शिकवायचं साहित्य झाल्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाच्या मुळाशी हे काम आहे.

दुसरं नाव अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनीअर, पुण्याच्या टेल्कोत नोकरी. म्हणजे आपल्यासारखाच ऑफिसवाला. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे गावच्या बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली. तिचे तुकडे सांधे म्हणून वापरले आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरं अशी मॉडेल्स उभी केली. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचा धडाकाच लावला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी विज्ञानाची आणि आपला आजचा विषय लुटुपुटूचा, हे खरं. पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू आहे. फेकायच्या वस्तूतून मुलाने स्वतः केलेलं खेळणं तुटलं तर रडारड नाही होत. दुसरं करता येतं!

पुढील स्टेशन, जिते

आता जरा शहराबाहेर. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात की रसायनी जातं, मग आपटा लागतं. हो, तेच ते 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या क्लायमॅक्सचं स्टेशन! त्याच्या पुढचं स्टेशन जिते. पेण तालुक्यातलं गाव. आणि त्यापुढे हमरापूर.

हा सगळा पट्टा म्हणजे बाप्पाचं माहेर. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. कारखाना म्हटल्यावर मोठी चिमणी डोळ्यांपुढे आणू नका. कुणाचं अंगण, कुणाची पडवी, कुणाची पत्र्याची शेड. कुठे साच्यातून मूर्ती काढतायत, कुठे हात-पाय जोडतायत, कुठे घासकाम चाललंय, कुठे रंग. शेवटी डोळ्यांची आखणी, ते कसबी हाताचंच काम. घरातलंच काम असल्यामुळे सगळं पोरांच्या डोळ्यांदेखत चालतं. अशा गावात एखाद्या पोराने उरलेल्या मातीचा गोळा उचलून आपला वेगळा 'कारखाना' काढला तर त्यात नवल काय? त्याला 'आर्टिसन सेट, वय ३+' विकत घ्यावा लागत नाही.

इथेच आपल्याला, म्हणजे फ्लॅटमधल्या आई-बाबांना, एक गोष्ट टोचायला हवी. मूल तेच खेळतं, जे ते रोज बघतं. कोळ्याचं पोर होडी-होडी खेळतं, शेतकऱ्याचं बैल-बैल. आपलं पोर काय बघतं? आई-बाबा एका चपट्या डब्याकडे बघत बसतात आणि मधूनच बोटाने 'शूऽऽ' करतात! आपण नक्की काय काम करतो, हे त्याला दिसतच नाही. मग एक दिवस ते बाहुलीला समोर बसवतं, पुस्तक लॅपटॉपसारखं उघडतं आणि म्हणतं, 'सोनू, आत्ता नाही. मी मीटिंगमध्ये आहे.' हसायला येतं खरं, पण बाहुलीची जागा कोणाची आहे, ते कळतं तेव्हा हसू थांबतं.

म्हणूनच घरी केलेल्या खेळण्यांचा मुद्दा फक्त पैसे वाचवण्याचा किंवा पर्यावरणाचा नाही. ती करताना आपले हात चालताना मुलाला दिसतात. कापणं, चिकटवणं, बिघडणं, परत करणं. त्या अर्ध्या तासात तुमच्या घरातसुद्धा एक छोटा कारखाना सुरू असतो.

या वीकएण्डला काय कराल?

आठवडाभर एक पिशवी दाराशी अडकवा. त्यात टाकत जा: कुरिअरचे खोके, साबण-टूथपेस्टची वेष्टनं, श्रीखंडाचे डबे, बाटल्यांची झाकणं, पेपर रोल, जुनी ओढणी, उरलेले कापडाचे तुकडे. शनिवारी पिशवी जमिनीवर रिकामी करा. आता हे पाच बेत बघा.

१. शेगडी आणि भातुकली: मध्यम खोका उलटा ठेवा. वर दोन जुन्या सीडी चिकटवा, झाले बर्नर. पुढे बाटलीची चार झाकणं, झाली बटणं. गोल फिरायला हवीत तर झाकणाला मधोमध भोक पाडून कागद अडकवायची पितळी पिन लावा आणि तिची टोकं खोक्याच्या आतून दुमडून वर चिकटपट्टी मारा. श्रीखंडाचा डबा म्हणजे पातेलं. कुकर हवाय? डब्यावर झाकण ठेवा. शिट्टी तोंडाने!

२. लगद्याची भाजी: वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पिळून हाताने लगदा करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात कालवून चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडा, की झाली खळ. गार झाली की ती थोडी थोडी लगद्यात मळा. वांगी, बटाटे, टोमॅटो, पेणचे पापडसुद्धा करा! कडक उन्हात तीन-चार दिवस सुकवा आणि पोस्टर कलरने रंगवा. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती इथे अजिबात नको. मोरचूद विषारी असतं.

३. वाण्याचं दुकान: रिकाम्या वेष्टनांत कागदाचे बोळे भरून तोंड चिकटवा, म्हणजे ती चेपत नाहीत. हँगरच्या दोन टोकांना दोरीने दोन डबे टांगा, झाला तराजू. नोटा मुलांनाच काढू द्या. त्या साडेतेरा रुपयांच्या निघाल्या तरी चालतील. पुठ्ठ्यावर काळ्या चौकटींचा क्यूआर कोडही काढा. 'ओ काकू, सुट्टे नाहीत, स्कॅन करा ना!' हा डायलॉग येणारच.

४. एसटी: मोठा खोका असेल तर तळ कापून टाका. कडेला दोन पट्टे लावले की मूल तो खांद्यावर अडकवून घरभर धावतं. थर्माकोलची ताटं ही चाकं नकोत. ताटं-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि थर्माकोलचे कण तोंडात जातात. पुठ्ठ्याची चाकं मस्त दिसतात. जुनी पर्स कंडक्टरच्या गळ्यात, बसची जुनी तिकिटं हातात. बोर्डावर गावाचं नाव मुलाला ठरवू द्या. पेण, रोहा किंवा चंद्र!

५. बाप्पाचा कारखाना: सोसायटीत किंवा ऑफिसात गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तीचं वर्कशॉप होतं ना? तिथली उरलेली, रंग न लागलेली माती आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की बरेच दिवस नरम राहते. सुकली तर कुटून परत भिजवा. आइस्क्रीमच्या काड्या म्हणजे कोरणी, बाटलीची झाकणं म्हणजे साचे. मोदक, उंदीर, पाट असं सोप्यापासून सुरू करा. मूर्तीला चार सोंडा आल्या तरी 'चुकलं' म्हणू नका. कारागीर तो आहे!

आता सगळ्यात अवघड काम. खेळणं झालं की बाजूला व्हा. चहा हवा का, असं विचारलं तर 'कमी साखरेचा द्या' म्हणा. फुर्रर्र करून प्या. बिल मागा. पण खेळ कसा चालवायचा, ते शिकवू नका. त्या अर्ध्या तासात बॉस ते आहे आणि तुम्ही गिऱ्हाईक. आणि मोबाइल? तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

सेफ्टी फर्स्ट

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. घरच्या खेळण्याला मात्र मार्क देणारे तुम्हीच. म्हणून...

- तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोपी टेस्ट: जी वस्तू टॉयलेट पेपरच्या रोलमधून आरपार जाते, ती त्यांच्या हातात नको. बाटलीची सुटी झाकणं, बटणं, बिया, सगळं यात आलं.
- बटण-सेल कुठल्याच खेळण्यात नको. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. मुलाने तो गिळल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.
- दवाखाना-दवाखाना खेळताना औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि बाटल्या देऊ नका. औषध म्हणजे खेळणं, हे डोक्यात बसायला नको. वापरलेली सिरिंज तर नाहीच. पेन्सिलचा तुकडा हेच आपलं इंजेक्शन.
- गळ्यात येऊ शकेल अशी दोरी एक वितीपेक्षा लांब नको. तराजूच्या दोऱ्याही आखूडच ठेवा. कंडक्टरची पर्स आणि एसटीचे पट्टे तुम्ही समोर असतानाच, आणि खेळ संपला की काढून ठेवायचे.
- स्टेपलच्या पिना काढा, पत्र्याचे कापलेले डबे टाळा, सीडीला तडा गेला तर लगेच फेका. प्लॅस्टिकच्या पिशव्या खेळात नकोत.
- माळ्यावरचा जुना ऑइल पेंट वापरू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही.
- तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळाला छापील कागदाची आणि लगद्याची खेळणी देऊ नका.

आणि पसारा? तो होणारच. रविवारी रात्री एकाच खोक्यात सगळं भरायचं, खोका भरला की जुनं एक बाहेर. पुठ्ठा पुन्हा रद्दीत, माती पुन्हा डब्यात. कशाचंच वाईट वाटायचं कारण नाही, कारण पुढच्या शनिवारी दाराशी नवी पिशवी भरलेली असेल.

सोमवारी शूज घालताना मागून आवाज आला, 'ओ साहेब, तुमची ऑर्डर राहिली की!' तर घाई असली तरी दोन मिनिटं थांबा. तो चुरमुऱ्याचा रिकामा डबा रीतसर हातात घ्या, पैसे द्या आणि सांगा, 'शेठ, संध्याकाळी परत येतो हं. भाजी ताजी ठेवा.' आणि मग संध्याकाळी खरंच वेळेवर या!